चौथा बॉल सृष्टीचा

मित्रांनो, मी आहे एक जुनी मनगटपट्टी. घड्याळ नव्हे, फिटनेस बँड नव्हे, राखी तर नव्हेच नव्हे! हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण मला बघून प्रत्येक जण पहिला प्रश्न हाच विचारतो, "ह्यात टाइम कुठे दिसतो?" माझ्यात टाइम दिसत नाही. माझ्यात चाली दिसतात. एक काळ असा होता की माझ्यावर साठ चाली होत्या. साठ! माझी रुंदी चार बोटं. तुम्हीच विचार करा.

माझा जन्म शारजाच्या औद्योगिक क्षेत्रातला. गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये उरलेल्या काळ्या रेक्झिनमधून मला शिवलं ते मोहिद्दीनभाईंनी. आमच्या टीमचे कोच प्रकाश सर माझं चित्र काढून घेऊन आले होते, तेही मिलिमीटरमध्ये. मोहिद्दीनभाईंनी चित्र सरळ धरलं, उलटं धरलं आणि विचारलं, "साब, ये है क्या चीज़? हाथ का सीट कव्हर?"

"वही समझो, भाई," सर म्हणाले. "बाहर की मंगवाएँ तो सत्तर दिरहम की एक पड़ती है. म्हणजे सोळा-सतराशे रुपये झाले की!" शेवटचं वाक्य ते मराठीत स्वतःशीच बोलले.

मोहिद्दीनभाईंनी मला तीन घड्या दिल्या, प्रत्येक घडीला पारदर्शक प्लॅस्टिकची खिडकी लावली, टोकाला वेल्क्रोची चिकटपट्टी शिवली. दोरा ओढून तोडला आणि मला स्वतःच्या मनगटावर बांधून बघितलं. "मज़बूत है," म्हणाले. आयुष्यातली माझी पहिली शाबासकी!

आता मी करते काय, ते सांगते. दुबई सिलिकॉन ओएसिसजवळच्या एका कॉलेजात मुलींची फ्लॅग फुटबॉलची टीम आहे. हा लाथेने खेळायचा फुटबॉल नाही. अमेरिकेतला तो लांबुळका बॉल असतो ना, हाताने फेकायचा, तो. फक्त ह्यात कोणी कोणाला पाडत नाही. प्रत्येकीच्या कमरेला फिती असतात. जिच्या हातात बॉल, तिची फीत उपटली की ती थांबली. एका टीममध्ये पाच जणी. त्यांतली जी बॉल फेकते ती क्वार्टरबॅक. टीमला चार प्रयत्न मिळतात. चारांत पुढची रेघ गाठली नाही, की बॉल समोरच्यांचा.

आणि प्रत्येक प्रयत्नाआधी पंचवीस सेकंदांत ठरवायचं असतं की आता कोण कुठून पळणार. ते सगळं लक्षात कसं राहणार? म्हणून मी! प्रत्येक चालीला एक आकडा. सर बाहेरून आकडा ओरडणार, क्वार्टरबॅक माझ्यात बघणार, मैत्रिणींना सांगणार, टाळी, आणि पळा.

मला बांधायची ईश्वरी. पहिल्या वर्षी माझ्यावर फक्त आठ चाली होत्या, मित्रांनो. आठ सुंदर चाली! ती मला बाहीने पुसायची, खिडकीवर फुंकर मारायची. प्रकाश सर दिवसा एका एसीच्या कंपनीत डक्टची डिझाइनं करतात. पूर्वी दोन वर्षं कामासाठी ओहायोला होते, तिथे हा खेळ शिकले. त्यांच्या रेघा बघाव्यात! एकजण सरळ लांब धावते आणि अडवणाऱ्या मुलींना मागे ओढून नेते. त्या रिकाम्या झालेल्या जागेत दुसरी आडवी घुसते. तिसरी कडेला जाऊन थांबते, म्हणजे तिच्यावरची मुलगी तिथेच अडकते. एकीच्या धावेने दुसरीला जागा होते. ह्याला म्हणतात चाल. माझ्यावर ती छापलेली होती, म्हणून मला कळतं. माझ्यावरची कुठलीच रेघ फुकट नव्हती.

त्या वर्षी आम्ही तीन मॅच जिंकलो. माझा फोटोही निघाला. म्हणजे फोटो ईश्वरीचा होता, पण हात माझाच पुढे होता.

मग उन्हाळा आला आणि माझा छळ सुरू झाला. ईश्वरीने मला बाबांच्या गाडीत, पुढच्या काचेखाली ठेवलं आणि विसरली. जुलै महिना. दुबई. काचेखाली. अडीच महिने मी तिथे पापडासारखी वाळले. खिडक्यांची टोकं वर वळली. ईश्वरीच्या आईने एकदा मला उचललं आणि "हे कसलं कव्हर गं? टाकून देऊ?" असं विचारलं. ईश्वरी कानात इअरफोन घालून "हं" म्हणाली. हं! एवढंच! नशीब, सिग्नल सुटला आणि आई विसरल्या.

खरी वैतागवाडी मात्र दुसऱ्या वर्षी सुरू झाली. त्या वर्षी सृष्टी टीममध्ये आली. दोन वेण्या, बारीक चण, पळायला हरणासारखी, पण बॉल आला की डोळे मिटायची. पहिल्या मॅचनंतर तिची आई, वासंतीकाकू, संत्र्यांची पिशवी घेऊन प्रकाश सरांसमोर उभ्या राहिल्या.

"प्रकाशभाऊ, रागावू नका हं. पण माझी पोरगी पूर्ण मॅच पळाली, तिच्या हातात एकदाही बॉल नाही आला. उपाशी उठली हो पंगतीतून!"

संपलं. खलास. दुसऱ्या कोणाला हे बोललं असतं तर तो हसला असता. पण प्रकाश सर म्हणजे गणपतीत मंडळाच्या जेवणाला वरणाची बादली घेऊन फिरणारे गृहस्थ. कोणाच्या पानात काय कमी आहे ते ह्यांना तीन ओळी लांबून दिसतं. "उपाशी उठली" हे शब्द त्यांच्या काळजात घुसले.

पुढच्या आठवड्यात माझं नवं कार्ड आलं. चार रंगांत. बॉल झेलणाऱ्या मुली चार: एमान पिवळी, ईरा हिरवी, शहनाझ निळी, सृष्टी गुलाबी. प्रत्येक चालीपुढे जिला बॉल मिळणार तिचं नाव. प्रत्येकीला सारख्या चाली. आधी दहा-दहा. मग ईराच्या बाबांनी एक सुचवली, त्यांना नाही कसं म्हणायचं? ती घेतली, की बाकी तिघींना एकेक वाढवायला हवी. असं करत करत साठ! शेवटी सृष्टीला चौदाच राहिल्या, म्हणून सरांनी ऑफिसच्या लंच ब्रेकमध्ये एक नवी काढली. त्यात बाकीच्या तिघींच्या रेघाच नाहीत. जागाच उरली नव्हती! त्या तिघी त्या वेळी काय करणार होत्या, चहा पिणार होत्या?

हे कमी होतं म्हणून की काय, आकडे समोरच्यांना कळू नयेत म्हणून सर एका मॅचला मराठीत ओरडले. "एकोणसाठ!" आमच्या पाचही जणी एकमेकींच्या तोंडाकडे. एमान अलेक्झांड्रियाची, शहनाझ हैदराबादची, त्यांचं सोडा. पण ईश्वरी, ईरा, सृष्टी? इथे वाढलेल्या ह्या मराठी मुलींना वीसच्या पुढचे मराठी आकडे म्हणजे ग्रीक! ईरा म्हणाली, "सर, इंग्लिश प्लीज!" आणि तो प्रयोग एका मॅचमध्ये आटोपला.

पण खरा घोटाळा वेगळाच होता. मित्रांनो, प्रयत्न किती? चार. बॉल झेलणाऱ्या मुली किती? चार. मग सरांनी काय करावं? प्रत्येकीला एकेक! पहिला प्रयत्न एमान, दुसरा ईरा, तिसरा शहनाझ, चौथा सृष्टी. पुन्हा पहिला एमान. पंगतीत जसं डावीकडून उजवीकडे वाढत जातात, तसं. चाली साठ असोत की सहाशे, समोरच्या टीमला फक्त चारपर्यंत मोजता यायला हवं होतं.

आणि आमच्या मुली? त्यांनाही माहीत असायचं ना! आज आत्ता आपला टर्न नाही, हे कळलं की कोण जीव तोडून पळणार? ईरा पळता पळता पोनीटेल घट्ट करायची. दर प्रयत्नाची सुरुवात शहनाझची, जमिनीवरचा बॉल तिने मागे ईश्वरीकडे द्यायचा; तो दिला की ही कमरेवर हात ठेवून उभी. जिच्या धावेने मैत्रिणीला जागा होणार, तीच जर फिरायला निघाल्यासारखी चालली, तर अडवणारी मुलगी तिच्याकडे कशाला बघेल? सगळ्या जिचा नंबर तिच्याच अंगावर. मी मनगटावर बसून ओरडत होते, "अगं, रेघा वाचा, नावं काय वाचताय!" पण मला तोंड आहे का? मला आहेत खिडक्या, त्याही वाकड्या.

आणि ह्या सगळ्या न्यायाचा मार कोणी खाल्ला? जिच्यासाठी तो केला, तिनेच! पहिल्या तिघींना थोडं थोडं अंतर मिळायचं. रेघ गाठायची की नाही, ते ठरायचं चौथ्या प्रयत्नाला. म्हणजे दर वेळी सृष्टीवर. दर वेळी तिच्यावर तिघी तिघी तुटून पडणार, बॉल तिच्या बोटांना लागून खाली पडणार, आणि शिट्टी. आम्ही ओळीने पाच मॅच हरलो. पाचही वेळा शेवटी बॉल सृष्टीच्या हातून पडलेला.

पाचव्या मॅचनंतर पार्किंगमध्ये ती ईश्वरीजवळ आली. मी ईश्वरीच्या मनगटावरच होते.

"ईश्वरी, शनिवारी माझी लास्ट मॅच. नंतर मी नाही येणार."

"का? एक्झाम्स?"

"नाही. इट्स मी. माझ्यामुळे हरतो आपण. सर इतके चांगले आहेत, दर वेळी मला चान्स देतात, आणि मी दर वेळी घालवते."

"असं काही नाहीये."

"आहे. फाइव्ह टाइम्स, ईश्वरी. मी मोजलंय."

ईश्वरीने नुसतीच माझी चिकटपट्टी उघडली, लावली, उघडली, लावली. कर्र, कर्र. मला तेव्हा इतकं वाटलं ना, की एकदा, फक्त एकदा, मला बोलता यावं!

शनिवार उजाडला. सकाळी साडेसातची मॅच, समोर अबू धाबीची टीम, हिरव्या जर्सीत. वासंतीकाकू कडेला छत्री आणि फोन घेऊन उभ्या. सृष्टीने त्यांना सांगितलं होतं की ही शेवटची, म्हणून त्या अख्खी मॅच रेकॉर्ड करणार होत्या.

मॅच कशीबशी बारा-बारा बरोबरीत आली. शेवटची दोन मिनिटं. बॉल आमचा, चार प्रयत्न, शेवटची रेघ समोर दिसतेय. पहिला प्रयत्न एमान, थोडं अंतर. दुसरा ईरा, पडला. तिसरा शहनाझ, तीन पावलं. आता चौथा. सर बाहेरून ओरडले, "फिफ्टी-टू!" बावन्न, म्हणजे गुलाबी, म्हणजे अर्थातच सृष्टी.

ईश्वरीच्या बुटाची नाडी सुटली होती. ती बांधायला ती खाली वाकली, तेव्हा हिरव्या टीमची कॅप्टन चार हातांवर होती. ती आपल्या मुलींना सांगत होती, अगदी निवांत, जणू बसचा नंबर सांगतेय, "फोर्थ है. दो चोटीवाली. सब उधर."

ईश्वरीचे हात नाडीवरच थांबले. मग तिने मला डोळ्यांसमोर धरलं. त्या दिवशी पहिल्यांदा तिने माझ्याकडे नीट बघितलं. पिवळी, हिरवी, निळी, गुलाबी. पिवळी, हिरवी, निळी, गुलाबी. वरपासून खालपर्यंत. "ओ माय गॉड," ती म्हणाली.

कळलं! अखेर कळलं! साडेतीन महिन्यांनी, पण कळलं!

ती धावत मुलींच्या गोलात आली आणि तिने तळहाताने मला झाकलं. बोलली ती हिंदी-इंग्लिशच्या खिचडीत, मी तुम्हाला मराठीत सांगते.

"ऐका. त्यांना माहीत आहे. पहिल्यापासून माहीत आहे. चौथा सृष्टीला जाणार हे सगळ्यांना माहीत आहे."

"व्हॉट?" ईरा म्हणाली.

"सृष्टी, तू बॉल सोडत नव्हतीस. तुझ्यावर दर वेळी तिघी असतात. आत्ताही येणार आहेत. म्हणून, सॉरी, ह्या वेळी बॉल तुला नाही. शहनाझला. शहनाझ, तुझा टर्न झालाय, तुझ्याकडे कुत्रंही बघणार नाही."

"शुक्रिया," शहनाझ म्हणाली.

"तू बॉल मागे दे, दोन सेकंद उभी राहा, रोजच्यासारखी, कंटाळलेली. मग मधे चालत जा."

सगळ्या सृष्टीकडे बघत होत्या. तिची शेवटची मॅच, तिचा शेवटचा बॉल, कडेला आईचा फोन वर केलेला. तोही काढून घ्यायचा?

"यल्ला, गर्ल्स, टाइम!" एमानने घाई केली. पंच हातातल्या घड्याळाकडे बघत होते.

"किती जणी येतील माझ्यावर?" सृष्टीने विचारलं.

"तिघी. कदाचित चार."

"नक्की?"

"नक्की."

"मग मी खरं पळते," सृष्टी म्हणाली. "नाटक नाही. खरं."

"हात वर करून बॉल माग. ओरड!"

टाळी वाजली. शहनाझने बॉल मागे दिला आणि कमरेवर हात ठेवून अशी काही उभी राहिली, की मला क्षणभर वाटलं, ही खरंच विसरली! आणि सृष्टी सुटली. मित्रांनो, तिला तसं पळताना मी कधीच बघितलं नव्हतं. वेण्या मागे सरळ आडव्या. उजव्या कोपऱ्याकडे, हात वर, "ईश्वरी! हिअर! मला! मला!" हिरव्या जर्सीतल्या तिघी तिच्यामागे धावल्या. एमान आणि ईराही आज पोनीटेल-बिनीटेल सोडून पळत होत्या. ईश्वरीचा हात मागे गेला, खांदा सृष्टीकडे वळला. मी तिच्या मनगटावर, माझं रेक्झिन ताणलेलं, माझी वाकडी खिडकी वाऱ्यावर फडफडतेय. आणि शेवटच्या क्षणी तिने मधे, अगदी हलका, भाजलेला पापड हातात द्यावा तसा बॉल शहनाझला दिला.

शहनाझभोवती कोणीच नव्हतं. कोणीच! तिने बॉल झेलला, इकडे तिकडे बघितलं, आपल्याला कोणी का पकडत नाही म्हणून जराशी गोंधळली, आणि सहा पावलांत रेघेपलीकडे गेली.

सहा पॉइंट! अठरा-बारा, आणि पाठोपाठ शेवटची शिट्टी.

आरडाओरडा, उड्या, कोणीतरी मला दातांनी चावलं, बहुतेक ईराने. आणि त्या गर्दीतून वासंतीकाकू छत्री मिटत सरळ प्रकाश सरांकडे.

"प्रकाशभाऊ, हे काही बरं नाही झालं. चौथा बॉल सृष्टीचा होता ना? जिंकलो, आनंद आहे. पण शेवटच्या मॅचला पोरीला द्यायचा नाही म्हणजे..."

सरांचा चेहरा पडला. जिंकल्याचा आनंद जागच्या जागी विरघळला. "खरं आहे, वहिनी. मी बावन्नच सांगितलं होतं हो. पुढच्या वेळी तिला दोनदा देतो."

दोनदा! मी मनातल्या मनात माझी चिकटपट्टी उपटली.

तेवढ्यात सृष्टी आली. घामाघूम, श्वास लागलेला, गुडघ्यावर खरचटलेलं. "मम्मी, व्हिडिओ काढलास? दाखव."

"काय दाखवू? त्यात फक्त तू आहेस. ती शहनाझ, तो बॉल, काहीच आलेलं नाही. मी कशाला त्यांचं काढू?"

"दाखव तर!"

सगळ्या फोनभोवती जमल्या. खरंच, काकूंनी फक्त लेकीचा व्हिडिओ काढला होता. त्यात बॉल नव्हता, रेघ नव्हती, पॉइंट नव्हता. फक्त सृष्टी पळत होती, हात वर, आणि तिच्यामागे हिरव्या जर्सीतल्या तिघी, जीव खाऊन.

काकूंनी दोनदा बघितलं. कपाळाला आठी घातली. "अगं, पण ह्या तिघी तुला कशाला पकडताहेत? बॉल तर तिकडे गेला ना?"

"तेच तर, मम्मी! थ्री ऑफ देम! माझ्यासाठी!"

काकूंनी तिसऱ्यांदा बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "चांगली पळतेस गं."

"सर, मंगळवारी प्रॅक्टिस किती वाजता?" सृष्टीने विचारलं.

सर उत्तर द्यायचं सोडून चष्मा काढून पुसायला लागले. ईश्वरीच म्हणाली, "साडेपाच. उशीर करू नकोस."

आता तुम्ही म्हणाल, सगळं गोड झालं. थांबा! मंगळवारी प्रकाश सर नवं कार्ड घेऊन आले. चाली फक्त बारा, अक्षरं मोठी, कोणाचंही नाव नाही. मला तर रडू फुटणार होतं. आठ नाहीत, पण बारा तरी! मग ईश्वरीने कार्ड आत सरकवलं आणि मला खालची बारीक ओळ दिसली. "बॉलशिवाय पळण्याचा मान: आठवड्यात प्रत्येकीला दोनदा, क्रमाने."

क्रमाने! सुधारत नाहीत, हो, काही माणसं सुधारत नाहीत! आणि वासंतीकाकूंनी त्याच संध्याकाळी विचारलं, "आमच्या सृष्टीला दोनदाच?" ईश्वरीने शांतपणे काळा मार्कर काढला आणि ती ओळ खोडून टाकली. सरांनी बघितलं. मग काकूंकडे वळले आणि आयुष्यात पहिल्यांदा, माझ्या देखत, म्हणाले, "ते आता ईश्वरी ठरवेल, वहिनी."

आता मी थकले आहे. चिकटपट्टीत केस अडकलेत, शिवण एका बाजूने उसवली आहे. पुढच्या वर्षी नवी पट्टी येईल म्हणे. तर मित्रांनो, जाता जाता एवढंच मागते. तुमच्याकडे माझ्यासारखी कोणी असेल तर तिला गाडीच्या काचेखाली टाकू नका. तिच्यावर मावेल तेवढंच लिहा. तिच्यात आपलं नाव शोधत बसू नका, शेजारच्या मुलीची रेघ कुठे जाते तेही बघा, कारण ती बहुतेक तुमच्यासाठीच तिकडे निघालेली असते. आणि वाचून झालं ना, की कृपा करून मान वर करा! बॉल माझ्यात नाहीये.